आवाज आधी, चित्र मागून

वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी चिंगीची आई त्या इमारतीत इंटरनेटची जाणकार ठरली. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, एवढंच तिचं भांडवल. त्यालाही सात वर्षं झाली होती आणि निम्मं तर शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशीच डोक्यातून गेलं होतं. पण चौदा घरांत जिन्याखालच्या त्या इंटरनेटच्या डब्याकडे न घाबरता बघणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून एके दिवशी सेक्रेटरीकाका पासवर्डची चिठ्ठी घेऊन दाराशी आले आणि सासूनं सुनेच्या हाती कपाटाच्या किल्ल्या द्याव्यात अशा थाटात ती त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

"आता तुम्हीच बघा. ते दिवे लुकलुकायला लागले की माझंच प्रेशर वाढतं."

"अहो काका, मला तरी कुठे..."

"शिकलेल्या माणसानं असं म्हणू नये," म्हणत काका पायऱ्या उतरलेसुद्धा.

सगळ्या इमारतीला मिळून एकच जोडणी होती. सकाळी ती बरी चालायची. दुपारी चारनंतर माणसं घरी परतू लागत, कोणी सिनेमा लावी, कोणी खेळ, कोणी दूरच्या लेकाशी बोलायला बसे, आणि बघता बघता वेगाची धार करंगळीएवढी होई. मग जिन्यात भांडणं. पहिला मजला म्हणे तिसऱ्यावरची पोरं सगळं ओढून घेतात, तिसरा म्हणे पहिल्यावरचे आजोबा कुस्त्या बघत झोपी जातात आणि कुस्त्या चालूच राहतात. दोघांचंही खरं होतं.

चिंगीच्या आईला सिनेमाही नको होता आणि कुस्त्याही. तिला हवा होता फक्त एक आवाज.

चिंगी तिसऱ्या महिन्यात नऊ दिवस दवाखान्यात होती. छाती भरली होती. घरी सोडताना तिथल्या नर्सबाईंनी दुपट्यात गुंडाळलेली पोर हातात देत सांगितलं होतं, "नुसतं बघत बसू नका. बाळ दिसायला शांतच दिसतं. कान द्या. श्वासाची घुरघुर वाढली की तडक घेऊन या." ते वाक्य तिच्या काळजात रुतलं. पाळण्यावर कॅमेरा बसला. ती बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून काम करायची. यंत्रांबरोबर येणारी माहितीपुस्तकं तपासायची. 'झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा' यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कोणाचं तरी बोट जायचं, असली कामं. टेबल आतल्या खोलीत चालत नसे, किबोर्डच्या टकटकीनं चिंगी उठे. म्हणून डोळे कामावर आणि कानात कॅमेऱ्याचा आवाज. चारनंतर नेमका तोच तुटायचा. सूं सूं चाललेला श्वास मध्येच गडप. ती सातपर्यंत मोजायची आणि धावत सुटायची. आत जाऊन बघावं तर पोर मुठी वळून ढाराढूर.

"मी बसलेय ना तिच्याजवळ?" सासूबाई म्हणायच्या. "का मी म्हणजे भिंतीवरची पाल?"

"तसं नाही हो आई. दुपारी तुमचा डोळा लागतो ना."

"डोळा लागतो. कान नाही लागत."

पण चिंगीच्या आईचा जीव टांगणीला लागलेला. एका दुपारी चिंगी निजलेली असताना तिनं फोनवरच डब्याचं पान उघडलं आणि शोधता शोधता तिला ती सोय सापडली. वेग अपुरा पडला की कशाला आधी वाट द्यायची, हे ठरवता येत होतं. आवाज आधी, चित्र मागून. तिनं ते दोनदा वाचलं. नर्सबाई तरी दुसरं काय म्हणाल्या होत्या?

इमारतीची बैठक पार्किंगमध्ये भरली, गाड्या बाहेर काढून, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. चिंगीच्या आईनं उभं राहून समजावलं. सिनेमा थोडा अडखळेल, पण फोन तुटणार नाहीत. वयस्कर मंडळींचे फोन, डॉक्टरांचे फोन. चिंगीचं नाव तिनं काढलं नाही. आपली पोळी भाजून घ्यायची असली की माणूस नेहमी दुसऱ्याच्या भुकेबद्दल बोलतो.

"म्हणजे बोलणं महत्त्वाचं, बघणं नाही," सेक्रेटरीकाकांनी सारांश काढला. "योग्य आहे. पण थांबा हं. तळमजल्याच्या शिवणताईंना काही अडचण नाही ना व्हायची?"

शिवणताई सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. त्यांना जन्मापासून ऐकू येत नसे. बैठकीला मात्र त्या न चुकता येत, माणसांची तोंडं बघत बसत आणि शेवटी सगळ्यांचे हात वर गेले की आपलाही वर करत.

चिंगीची आई घाईत होती. वर पोर उठायची वेळ झाली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "त्यांना कसली अडचण? त्या कुठे बोलतात!"

हशा पिकला. वाईट हेतूनं नव्हे, बैठक संपत आली की लोक कशालाही हसतात तसा. शिवणताईंनी हसणारी तोंडं पाहिली. सगळ्यांच्या नजरा क्षणभर आपल्याकडे वळून परत गेल्या, हेही पाहिलं. मग हात वर गेले, त्यांचाही गेला.

जिन्यापाशी त्यांनी चिंगीच्या आईला गाठलं. तळवा उलटा करून, भुवया उंचावून विचारलं: काय झालं? का हसले?

चिंगीच्या आईनं फोनवर लिहून दाखवलं: काही नाही, असंच.

त्या संध्याकाळी तिनं सोय चालू केली. पडद्यावर प्रश्न आला: 'चित्रांचा वेग कमी होईल. मान्य?' तिचं बोट थबकलं. चिंगी जागी असेल त्या दिवशी चार वाजता तिला बाबागाडीत घालून खाली नेताना तळमजल्याच्या खिडकीतून तिला दिसायचं ते दिसलं. शिलाई मशीनला टेकवून उभा केलेला फोन, फोनमध्ये कोणीतरी बाई, आणि शिवणताईंचे दोन्ही हात पाखरांसारखे भिरभिरणारे. एकदा तर ती मुद्दाम थांबून बघत राहिली होती. म्हणजे तिला माहीत होतं. अडाण्यानं केलं असतं तर गोष्ट वेगळी.

आतून चिंगीनं कूस बदलल्याचा आवाज आला. तिनं 'मान्य'वर बोट टेकवलं.

*

पाच आठवडे सगळं झकास चाललं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचा फोन खणखणीत झाला. जिन्यातली भांडणं निम्म्यावर आली. सेक्रेटरीकाका येता जाता म्हणत, "काय सून मिळालीय हो इमारतीला!" त्यावर सासूबाई म्हणत, "इमारतीला मिळाली, घरात कधी येते ते विचारा." चिंगीचा श्वास चारनंतरही अखंड चाले, आणि त्या श्वासाच्या तालावर तिची आई झाकणं, खटके आणि इशारे तपासत बसे.

मग एका बुधवारी नवऱ्याच्या पँटची चेन गेली.

ती पँट घेऊन खाली उतरली तेव्हा शिवणताईंच्या दारावर पुठ्ठा लावलेला होता. त्यावर सुवाच्य अक्षरात: 'शिलाई मशीन विकणे आहे. चालू स्थितीत.'

तिनं बटण दाबलं. या दाराची घंटा वाजत नसे. आत एक बल्ब उघडझाप करायचा. दार उघडलं. खोली नेहमीसारखीच होती, कापडाच्या तुकड्यांचा वास, खिडकीपाशी मशीन, भिंतीवर खिळ्याला अडकवलेली पाटी. गिऱ्हाइकांनी पाटीवर लिहायचं आणि ताईंनी उत्तर लिहायचं, तेही कापडावर खुणा करायच्या चपट्या खडूनं. पण मशीनच्या ड्रॉवरमधली रिळं एका खोक्यात भरलेली दिसत होती.

तिनं पाटीवर लिहिलं: 'चेन बदलायची. आणि मशीन का विकताय?'

ताईंनी पँट उलटी करून चेन पाहिली, दोन बोटं वर केली, म्हणजे दोन दिवस. मग खडू घेऊन लिहिलं: 'धाकट्या बहिणीकडे चालले. कायमची. तिचे हात कापतात.'

चिंगीच्या आईला वाटलं, बहीणही कापडाचंच काम करत असेल, कात्रीनं हात कापला असेल. तिनं बोटांची कात्री करून दाखवली. ताईंनी मान हलवली. दोन्ही पंजे पुढे धरून त्यांनी ते थरथरवले.

तेवढ्यात मशीनला टेकवलेला फोन उजळला. चार वाजले होते. ताईंनी तिला स्टुलाकडे खूण केली, बैस, बघ.

पडद्यावर ताईंसारख्याच चेहऱ्याची, थोडी जाड बाई आली. मागे भिंतीवर टांगलेलं घड्याळ. चेहरा स्पष्ट, घड्याळ स्पष्ट, त्यावरचा सेकंदकाटासुद्धा दिसत होता. आणि मग तिनं हात उचलले. उचलले मात्र, पंज्यांच्या जागी एक धुरकट भेंडोळं झालं. ते एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारी, कापे, मध्येच बोटं उमटत आणि पुन्हा फिसकटत. बाकी सगळं जागच्या जागी, फक्त हात तेवढे थरथरणारे. पाण्यात बुडलेल्या माणसासारखे.

चिंगीच्या आईनं स्टूल पुढे ओढलं. हे तिला कळत होतं. जे स्थिर आहे ते थोडक्यात भागतं. जे हलतं त्यालाच वेग लागतो. आणि त्यालाच तिनं रांगेत मागे ढकललं होतं.

शिवणताई एकच खूण सावकाश करत राहिल्या, दोनदा, तीनदा. पलीकडची बाई चिडली. तिनं ताईंच्याच हातांकडे बोट दाखवलं. मग दोघी नुसत्याच एकमेकींकडे बघत राहिल्या. पाच मिनिटांत फोन बंद झाला.

ताई पाटीवर लिहू लागल्या. जागा संपली की पुसायच्या, पुन्हा लिहायच्या. चिंगीची आई त्यांच्या खांद्यावरून वाचत होती.

'महिना झाला. आधी चित्र अडकायचं, गोल फिरायचं. ते नेटचं, ते कळतं. आता अडकत नाही. चेहरा नीट. हातच कापतात.'

'मी म्हणते डॉक्टरकडे जा. ती म्हणते मला काही नाही, तुझेच कापतात. लपवते.'

'आमच्या आईनंही लपवलं. तिचे हात असेच गेले. आधी बोटं, मग पंजे. शेवटची दोन वर्षं आई मुकी होती.'

शेवटच्या शब्दावर चिंगीच्या आईचे डोळे अडले. आई मुकी होती. ज्या घरात कोणालाच ऐकू येत नव्हतं, त्या घरात हात गेले तेव्हा ती बाई मुकी झाली.

'चिठ्ठी लिहून विचारा ना तिला,' तिनं लिहिलं, काहीतरी लिहायचं म्हणून.

'धाकटीचं अक्षरांशी जमलं नाही. तिचं बोलणं हातांचंच.' आणि मग: 'शनिवारी अकराला मशीन बघायला येणार आहेत. तिचे हात आहेत तोवर बोलून घेते.'

चिंगीच्या आईनं मान डोलावली. काय करत होती ती मान डोलावून? खडू तिच्याच हातात होता. चार शब्दांचं काम होतं. तिनं खडू पाटीच्या कडेला ठेवला, हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि जिना चढून वर आली.

*

संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. त्या बैठकीतल्या वाक्याचं मात्र सांगितलं नाही.

"एवढंच ना?" नवरा म्हणाला. "सेटिंग पूर्वीसारखं कर. विषय संपला. त्यांना कळणारही नाही."

"आणि आजोबांचा फोन?"

"आजोबांना सांग कंपनीकडूनच आहे. सगळं कंपनीकडूनच असतं."

सासूबाई चिंगीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तिला थोपटता थोपटता सुनेकडे एकदा पाहिलं.

तिनं ताट आवरायच्या आधीच सोय बंद केली. पडद्यावर या वेळी काही प्रश्नही आला नाही. करताना विचारतात, उलटवताना कोणी विचारत नाही.

गुरुवारी चार वाजता ती बाबागाडी घेऊन खिडकीवरून गेली. मुद्दाम हळू. आत शिवणताई फोनच्या अगदी जवळ झुकल्या होत्या. पडद्यावरचे हात कधी स्वच्छ दिसत होते, कधी सगळं चित्रच थांबून गोल फिरत होतं, पूर्वीसारखं. पण दिसत तेव्हा बोट न् बोट दिसत होतं. ताईंनी स्वतःच्या डोळ्यांना पदर लावला. चिंगीच्या आईला हलकं वाटलं. इतकं हलकं की आपण किती स्वस्तात सुटलो, याची तिला लाजही वाटली नाही.

कानातला श्वास पुन्हा तुटायला लागला होता. शेवटी तिनं टेबल ओढत आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत नेलं आणि किबोर्डखाली घडी घातलेला टॉवेल टाकला. टकटक बसली. चिंगी उठली नाही. मान वळवली की पाळणा दिसत होता, कान दिला की श्वास ऐकू येत होता, कॅमेऱ्याशिवाय. सात पावलं आणि एक टॉवेल.

संध्याकाळी सेक्रेटरीकाकांचा फोन आला. "अहो, आजोबांचा आवाज पुन्हा चिरका येतोय म्हणे."

"कंपनीकडूनच आहे काका," ती म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज चिरका आला.

शुक्रवारी ती पँट आणायला गेली. पुठ्ठा दारावर तसाच होता.

ताई मात्र उजळल्या होत्या. तिला बघताच त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, निश्चल, सरळ. धाकटीचे हात बरे! तिनंही टाळ्या वाजवल्यासारखं केलं आणि दाराकडे बोट दाखवलं: मग हे?

ताईंनी लिहिलं: 'आईचंही असंच व्हायचं. आठ दिवस बरे, मग दुप्पट. बरे आहेत तोवर गेलेलं चांगलं.'

आणि खाली, लहान अक्षरात: 'काल धाकटी म्हणाली, तुझेही आज बरे. म्हणजे माझेही. म्हणून कालपासून मी सुईत दोरा ओवून बघते. रोज दहा वेळा.'

मशीनच्या काठावरच्या चिंधीत दहा सुया ओळीनं टोचून ठेवलेल्या होत्या. दहाही ओवलेल्या. निरोगी बाई, पस्तीस वर्षं ज्या हातांनी शिवलं त्याच हातांची रोज परीक्षा घेत होती.

चिंगीच्या आईनं खडू उचलला. 'ताई,' एवढं लिहिलं. पुढे लिहिलं: 'किती झाले?' ताईंनी पँटकडे बघून हात झटकला, राहू दे, जाताना कसले पैसे.

फुकटात शिवलेली ती चेन घेऊन ती घरी आली आणि तिनं पँट खुर्चीवर फेकली.

"काय गं?" सासूबाईंनी विचारलं. "चेन नीट लागत नाही?"

"लागते."

"मग तोंड असं का? खाई त्याला खवखवे, म्हणतात."

मग तिनं सांगितलं. सगळं. ते वाक्यसुद्धा. सांगताना तिला पहिल्यांदाच ते मोठ्यानं ऐकू आलं.

सासूबाईंनी चिंगीच्या पाठीवर थोपटणं थांबवलं नाही. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय? तू दिवा परत लावलास, पण अंधार कोणी केला ते त्या बाईला नको कळायला? ती आपल्या हातांना दोष देतेय."

"मी सांगितलं तर इमारतीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"नको दाखवू तोंड," सासूबाई म्हणाल्या. "तिला कुठे तोंड लागतं? हात दाखव."

*

शनिवारी दहा वाजता तिनं बटण दाबलं. चिंगी कडेवर होती. एकटीनं यायचं धाडस झालं नव्हतं, हे तिचं तिलाच कळत होतं; बाळ कडेवर असलं की माणसं कमी रागावतात. निदान तेवढं तरी नको, असं वाटून दार उघडताच तिनं चिंगीला कापडांच्या ढिगाशेजारी चटईवर बसवलं आणि हात मोकळे केले.

मशीन पुसून लख्ख केलं होतं. ताईंनी तिला गिऱ्हाईक समजून भुवया उंचावल्या.

तिनं पाटी घेतली. 'हात कोणाचेच कापत नव्हते. ते मी केलं.' पुसलं. 'इमारतीच्या डब्यात मी आवाजाला आधी वाट दिली. चित्र मागे टाकलं. म्हणून हात तसे दिसत होते. तुम्हाला तिचे, तिला तुमचे.' पुसलं. 'बुधवारी पूर्ववत केलं. म्हणून बरे झाले. आजार नाही. मशीन विकू नका.'

शिवणताईंनी वाचलं. पुन्हा पाटी मागितली, पण ती पुसलेली होती; शेवटचीच ओळ होती. त्यांनी बोटानं हवेत गोल काढला: परत लिही. तिनं परत लिहिलं, सगळं. या वेळी ताई प्रत्येक ओळ संपेपर्यंत पाटीची कड धरून उभ्या राहिल्या, तिनं पुसू नये म्हणून.

मग त्यांनी खडू घेतला. 'का?'

'बाळाच्या श्वासाचा आवाज ऐकायचा होता.'

ताईंनी चिंगीकडे पाहिलं. चिंगीनं एक चिंधी तोंडात घातली होती. ताईंनी वाकून ती काढली, तिच्या जागी खडूचा रिकामा डबा दिला, आणि पुन्हा पाटीशी आल्या. त्यांचा चेहरा मऊ झाला होता, आणि इथेच थांबता आलं असतं. चिंगीच्या आईला थांबायचं होतं. पण ताईंनी लिहिलं:

'बैठकीत हेच ठरलं होतं?'

तिनं मान डोलावली. हो.

'मीही हात वर केला.'

हो.

खडू पाटीवर अडखळला. मग: 'तेव्हा सगळे हसले. तू लिहिलंस, असंच. काय बोललीस तू?'

म्हणजे त्या ते विसरल्या नव्हत्या. सहा आठवडे ते हसणं त्यांनी जवळ ठेवलं होतं, न विचारता. चिंगीच्या आईला वाटलं, काहीही लिहिता येईल. दुसरं कोणतंही वाक्य. कोण पडताळणार? तिनं खडू इतका दाबला की त्याचा कोपरा तुटला. आणि तिनं लिहिलं, जसंच्या तसं, एका ओळीत:

'त्या कुठे बोलतात'

उद्गारचिन्ह घालायचं राहिलं. तिनं तेही घातलं.

शिवणताईंनी पाटी खिडकीकडे नेऊन उजेडात वाचली. पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. मोजपट्टीची दोन टोकं हलत होती. चिंगी डबा आपटत होती, ठण ठण ठण, आणि त्या खोलीत तो आवाज फक्त तिच्या आईला ऐकू येत होता.

ताई वळल्या तेव्हा त्यांच्या अंगठ्याला खडू लागलेला होता. पाटीवरचं 'कुठे' आणि उद्गारचिन्ह पुसलेलं होतं. राहिलं होतं तेवढंच त्यांनी तिच्या डोळ्यांसमोर धरलं, हातभर अंतरावर, तिची मान खाली गेली तेव्हा पाटीही खाली आणून.

'त्या बोलतात'

मग त्यांनी पाटी खिळ्याला अडकवली, मजकूर बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकांना दिसेल असा. दारावरचा पुठ्ठा काढून आत आणला. हसल्या नाहीत. अकराला येणाऱ्या माणसाला फोनवर काहीतरी लिहून पाठवलं. चिंगीच्या आईला वाटलं, आता आपण जावं. ती चिंगीला उचलायला वाकली, तर ताईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढून मशीनसमोरच्या स्टुलावर बसवलं.

फोन लागला. शनिवारची सकाळ, वेग भरपूर. धाकटी पडद्यावर आली, केस ओले, मागे तेच घड्याळ. ताईंनी तिला भराभर काहीतरी सांगितलं आणि चिंगीच्या आईकडे बोट केलं. मग बाजूला उभं राहून हातांनी शिकवलं: छातीवर तळवा, म्हणजे मी. मुठीवर मूठ, मग दोन्ही उसवल्यासारख्या दूर, म्हणजे चूक, त्यांच्या घरातली चूक, शिवण उसवते तशी. आता तू कर. तिला पाटीवरचं कळत नाही. तिला तूच सांग.

चिंगीच्या आईनं तळवा छातीवर ठेवला. मुठीवर मूठ ठेवली. दूर नेताना दोन्ही हात इतके थरथरले की खूण अर्धवट राहिली. तिनं पुन्हा केली. पुन्हा तेच.

पडद्यावरची बाई पुढे झुकली. डोळे बारीक करून तिनं तिच्या हातांकडे पाहिलं, मग शिवणताईंकडे, आणि झरझर काहीतरी विचारलं. चित्र आरशासारखं होतं. एक बोटही निसटलं नाही.

शिवणताईंचे ओठ पहिल्यांदा जरासे हलले. पाटीवर जागा नव्हती. ती आता अडकवलेली होती. त्यांनी पुठ्ठा उलटा केला आणि 'मशीन विकणे आहे'च्या पाठीवर लिहिलं:

'ती विचारते, हिचे हात कधीपासून कापतात?'

चिंगीच्या आईनं खडू घेतला. लिहिताना अक्षरं वेडीवाकडी येत होती, पण वाचता येण्याजोगी होती.

'बैठकीपासून.'